रुग्णालयातल्या साथीचा माग काढताना या चुका टाळा

रुग्णालयात श्वसनमार्गाच्या विषाणूची साथ शिरली की पहिल्याच दिवशी एक यादी बनते. बाधित कोण, संपर्कात कोण, विलगीकरणात कोणाला ठेवायचं. ही यादी घाईत होते आणि एकदा झाली की तिला हात लावायला कोणी धजत नाही, कारण तिच्यावरच खाटांचं आणि ड्यूटीचं नियोजन बेतलेलं असतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गाजलेल्या रुग्णालयीन साथींचे अहवाल वाचले तर तपास फसल्याचं मूळ बहुतेक वेळा या यादीतच सापडतं. जो माणूस तिच्यातून निसटला, त्यानेच साथ पुढे नेलेली असते.

व्याख्या आधी, माणसं नंतर

दक्षिण कोरियातली २०१५ची मर्सची (आखाती देशांतून पसरलेल्या, कोरोना कुळातल्या विषाणूच्या श्वसनरोगाची) साथ घ्या. ४ मे रोजी एक गृहस्थ आखाती देशांचा दौरा करून परतले, ११ मेच्या सुमारास आजारी पडले, आणि २० मे रोजी निदान होईपर्यंत त्यांचे तीन-चार दवाखाने नि रुग्णालयं पालथी घालून झाली होती. मग संपर्कातल्यांची यादी झाली. निकष असा: रुग्णापासून दोन मीटरच्या आत आणि किमान तासभर. कागदावर हे काटेकोर वाटतं. पण प्योंगतेकच्या सेंट मेरी रुग्णालयात ते आठव्या मजल्यावर दाखल होते, आणि त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या खोल्यांमधली माणसं या निकषात बसेनात. म्हणून ती सुटली. त्यातलाच एक पुढे ‘रुग्ण क्रमांक १४’ ठरला. २७ मे रोजी तो बसने सोलला गेला आणि सॅमसंग मेडिकल सेंटरच्या गजबजलेल्या इमर्जन्सी विभागात २९ मेपर्यंत राहिला. त्याच्यापासून ८२ जणांना लागण झाली. संपूर्ण साथीत १८६ बाधित आणि ३८ मृत्यू.

दोन मीटर-तासभर हा निकष कोणी मूर्खपणाने काढलेला नव्हता. चूक एवढीच, की रोग त्या रुग्णालयात कसा वागतोय हे कळायच्या आत तो लावला गेला. सुरुवातीला अख्खा वॉर्ड किंवा अख्खा मजला धरा. खालच्या एक्स-रे विभागाची रांगही धरा. आकडे हातात आले की हवं तर वर्तुळ लहान करा. उलटा क्रम अंगाशी येतो, कारण नंतर मागे जाऊन गाठायची माणसं तोवर गावोगाव पांगलेली असतात.

फक्त आजारी माणसं मोजणं

ही चूक शिकल्यासवरलेल्यांकडून जास्त होते. बाधितांची लाइन लिस्ट, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशी यादी, सुरेख तयार असते. रंगीत रकाने, सगळं काही. पण तेवढ्याच संपर्कात येऊनही आजारी न पडलेल्यांची नोंद कुठेच नसते. मग धोका नेमका कुठे होता हे कशावरून ठरवणार?

सॅमसंगच्या साथीचं नंतर झालेलं विश्लेषण यासाठी मुद्दाम वाचण्यासारखं आहे. तपास करणाऱ्यांनी सीसीटीव्हीचं चित्रण आणि रुग्णालयाच्या नोंदी तपासून त्या तीन दिवसांत संपर्कात आलेले ६७५ रुग्ण, ६८३ भेटीला आलेले वा सोबतीचे लोक आणि २१८ कर्मचारी शोधून काढले. इमर्जन्सीच्या त्याच भागात, त्याच वेळी असलेल्या ११७ रुग्णांपैकी २३ जणांना लागण झाली. केवळ नोंदणी किंवा रेडिओलॉजीपुरते गेलेल्या ५०० जणांत ४. छेदातला, म्हणजे संपर्कात आलेल्या एकूण जणांचा आकडा होता म्हणूनच हा फरक दिसला. आणि त्या चौघांकडेही लक्ष द्या. दोन मीटरची पट्टी धरून बसणाऱ्याच्या हाती त्यातला एकही लागला नसता.

नातेवाईक आणि कंत्राटी माणसं

त्या ८२ जणांत ३३ रुग्ण होते, ८ कर्मचारी होते आणि तब्बल ४१ जण भेटीला किंवा सोबतीला आलेले होते. कोरियात रुग्णाजवळ घरचं माणूस राहण्याची पद्धत आहे. आपल्याकडे वेगळं काय आहे? खाटेखाली सतरंजी, उशाशी डबा, रात्री भाऊ आणि सकाळी वहिनी. यातलं कोणीच रुग्णालयाच्या संगणकात नसतं. गेटपासची वही असली तर ती जपून ठेवा. नसली तर रात्रपाळीच्या सिस्टरना आणि मावशींना विचारा. अमुक खाटेपाशी कोण झोपायचं, हे केसपेपरापेक्षा त्यांना पक्कं ठाऊक असतं. मात्र चौकशीचा सूर पोलिसी नको. नोकरी जाईल किंवा बोल लागेल अशी भीती बसली की माणसं ताप लपवतात, आणि मग तुमची लाइन लिस्ट शोभेपुरती उरते.

सॅमसंगमध्येच रुग्णांची ने-आण करणारा एक कंत्राटी कर्मचारी देखरेखीच्या यादीबाहेर राहिला. लक्षणं सुरू झाल्यावरही तो आठवडाभर कामावर येत होता. हजेरीपट काढताना कंत्राटदाराकडचा पटही त्याच दिवशी मागवा. सफाई, सुरक्षा, किचन, लिफ्टमन, स्ट्रेचरवाले मामा हे सगळे त्यात आले पाहिजेत. दिवसभरात डॉक्टर एक-दोन वॉर्ड फिरतो, स्ट्रेचर सगळे.

खाट धरून बसणं, वाट विसरणं

डर्बनच्या सेंट ऑगस्टीन्स रुग्णालयात मार्च २०२० मध्ये कोविड शिरला आणि ३९ रुग्ण व ८० कर्मचारी बाधित झाले. क्वाझुलू-नाताल विद्यापीठाच्या पथकाने प्रत्येक रुग्णाचा रुग्णालयातला प्रवास दिवसागणिक मांडला, तेव्हा धागा ९ मार्चच्या इमर्जन्सी विभागापर्यंत मागे गेला. तिथून रुग्णांच्या वॉर्डबदलीतून विषाणू आयसीयू आणि इतर वॉर्डांत पोहोचला, आणि पुढे बाह्यरुग्णांच्या डायलिसिस केंद्रात आणि एका वृद्धाश्रमातही.

म्हणून नकाशा करताना ‘आज कुठे आहे’ एवढ्यावर थांबू नका. ताप येण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत तो माणूस कोणकोणत्या जागी किती वेळ होता ते लिहा, सीटी स्कॅनबाहेरच्या बाकड्यासकट. २०१८ मध्ये कोझिकोडला निपाह पसरला तेव्हा मेडिकल कॉलेजमधल्या रेडिओलॉजी विभागाबाहेरचा कॉरिडॉर हे संसर्गाचं एक मुख्य ठिकाण निघालं. निपाहला आपण श्वसनाचा आजार म्हणत नाही, पण तिथे खोकणाऱ्या रुग्णाने जे केलं ते याच जातीचं होतं. निदानावर शिक्कामोर्तब केलेल्या पुण्याच्या एनआयव्हीतल्या (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या) मंडळींना हा धडा समजावून सांगायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयांत मात्र अजूनही नकाशा म्हणजे खाटांचाच.

तारखांचा घोळ

छोटी पण महागात पडणारी चूक. रोज किती जण बाधित झाले याचा आलेख चाचणीचा अहवाल आला त्या तारखेवर काढला जातो. लॅब दोन दिवस बंद असली की तिसऱ्या दिवशी ‘उद्रेक’ दिसतो. लक्षणं सुरू झाल्याची तारीख घ्या आणि ती रुग्णाला स्वतः विचारा. कोविडमध्ये दाखल झाल्यावर १४ दिवसांहून अधिक काळाने आजारी पडलेला रुग्ण रुग्णालयातच बाधित झाला असं धरतात. ८ ते १४ दिवसांतला बहुधा तिथलाच. ही गणितं इन्फ्लुएन्झाला लागू पडत नाहीत, कारण त्याचा अधिशयन काळ (लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा) एक ते चार दिवसांचाच असतो.

एकच दोषी, एकच मार्ग

हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात मार्च २००३ मध्ये ८ए वॉर्डातल्या एका रुग्णामुळे सार्स हा कोरोना कुळातल्याच विषाणूचा श्वसनरोग पसरला. पहिल्या अभ्यासात नोंदवलेल्या १३८ बाधितांत ६९ आरोग्य कर्मचारी आणि १६ वैद्यकीय विद्यार्थी होते. काही विद्यार्थ्यांनी तर त्या रुग्णाला हातही लावलेला नव्हता. त्या रुग्णाला दिलेल्या नेब्युलायझरवर (औषधाचे तुषार श्वासातून देणाऱ्या यंत्रावर) तेव्हा बराच रोख होता. नंतरच्या अभ्यासांनी वॉर्डातल्या हवेच्या प्रवाहाकडेही बोट दाखवलं. ‘सुपरस्प्रेडर’ हा शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्याला ठीक. तपास करणाऱ्याने खिडक्या, एसीचे झरोके आणि खाटांमधलं अंतर मोजावं. दोषी सापडला म्हणून टेप गुंडाळून ठेवू नये.

जनुकीय क्रमनिर्धारणाच्या, म्हणजे विषाणूची जनुकीय रचना वाचण्याच्या बाबतीतही हाच मोह होतो. डर्बनमध्ये नमुन्यांचे क्रम एकमेकांशी अगदी जवळचे निघाले आणि विषाणू बहुधा एकदाच आत आला या निष्कर्षाला बळ मिळालं. पण सार्स-कोव्ह-२च्या (कोविडच्या विषाणूच्या) जनुकीय क्रमात महिन्याला साधारण दोनच बदल टिकतात. आठवड्याभरात एकाच वॉर्डात बाधित झालेल्या दोघांचे क्रम सारखेच येणार. त्यावरून कोणी कोणाला दिला हे ठरत नाही. त्यासाठी पुन्हा ड्यूटीचा रोस्टरच उघडावा लागतो.

नमुने फेकणं आणि साथ संपल्याची घाई

जॉर्डनच्या झरका शहरात एप्रिल २०१२ मध्ये आयसीयूतल्या रुग्ण-कर्मचाऱ्यांमध्ये न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा मर्स हा विषाणू जगाला माहीतच नव्हता. मृतांचे नमुने जपून ठेवलेले होते, म्हणून त्याच वर्षी पुढे त्यांत मर्स सापडला. ‘निगेटिव्ह’ आलेला स्वॅब टाकून देण्याआधी हे आठवावं. मर्ससारख्या आजारात नाका-घशाचा स्वॅब निगेटिव्ह येऊनही खालच्या श्वसनमार्गातला नमुना पॉझिटिव्ह येऊ शकतो.

टोरांटोमध्ये मे २००३ मध्ये सार्स आटोक्यात आला असं मानून खबरदारीचे नियम सैल करण्यात आले. नॉर्थ यॉर्क जनरल रुग्णालयाच्या अस्थिरोग वॉर्डात मात्र वृद्ध रुग्णांना न्यूमोनिया होतच होता. ज्ञात सार्स रुग्णाशी संबंध दिसत नाही, मग शस्त्रक्रियेनंतरचा असेल, अशी समजूत करून घेतली गेली. परिचारिकांनी शंका बोलून दाखवली होती, पण तिची दखल घेतली गेली नाही. २३ मे रोजी दुसरी लाट जाहीर करावी लागली, तोवर त्या वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना आणि भेटीला आलेल्यांना लागण होऊन गेली होती.