लग्न तोंडावर, पुटकुळी तोंडावर

"ताई, लग्न तोंडावर आलंय आणि तोंडावर हे बघा काय आलंय!"

तुळशीचं लग्न लागलं की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या पार्लरचे फोन असे सुरू होतात. मुलगी बोलते, मागून आई बोलते, कधी फोन हिसकावून घेऊन आत्या बोलते. प्रश्न ठरलेले: फोड कशाने जातील, आम्लाचा पील करू का, फेशियल किती दिवस आधी. मी उलट एकच विचारते, अक्षता कधी? तारीख कळल्याशिवाय यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. जो पील तीन महिने आधी गुण देतो, तोच आठ दिवस आधी केला तर विघ्न. म्हणून ही यादी वाचायची ती भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवून, लग्नाच्या तारखेभोवती पेनाने गोल करून आणि तिथून मागे मागे पानं उलटत.

सहा महिने हातात असतील तर तुम्ही नशीबवान. तरुण वयात कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण 28 दिवस लागतात आणि मुरमांच्या कुठल्याही औषधाचा खरा फरक दिसायला 8 ते 12 आठवडे. तेव्हा पहिलं काम म्हणजे आरशासमोर उजेडात उभं राहून आपल्याला नेमकं काय झालंय ते बघणं. खोल, दुखणाऱ्या, बरं झाल्यावर खड्डा ठेवून जाणाऱ्या गाठी असतील तर मी हात लावत नाही, सरळ डॉक्टरांकडे धाडते. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दर महिन्याला येत असतील, त्यात पाळीही मागेपुढे होत असेल, तर ते कामही क्रीमचं नाही. आणि कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराचे बारीक पुरळ उठून खाज येत असेल तर ते बहुधा मुरूमच नसतात. बुरशीच्या जातीचे असतात, घामात वाढतात आणि मुरमांच्या अँटिबायोटिकने उलट जास्त पसरतात. खिशाला जड वाटत असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, केस पेपर काढा आणि रांगेत बसा. खासगीत गेलात तर पाटीवरची पदवी वाचा. त्वचारोगातलं एम.डी., डी.व्ही.डी. किंवा डी.एन.बी. पाहिजे. 'स्किन एक्स्पर्ट' ही पदवी नव्हे.

डॉक्टर बहुतेक वेळा रात्री लावायला अडापॅलिनसारखं मुरमांचं क्रीम देतात. ते हरभऱ्याच्या दाण्याएवढंच घ्यायचं, नुसतं फोडावर नाही तर सगळ्या चेहऱ्यावर, आणि चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनच रात्री. पहिले काही आठवडे चेहरा बिघडल्यासारखा वाटतो, साल निघते, दबलेले फोड वर येतात. निम्म्या मुली इथेच घाबरून सोडून देतात आणि माझ्याकडे येऊन "मला ते सूट नाही झालं" म्हणतात. दुसरं औषध बेंझॉइल पेरॉक्साइड. ते अडीच टक्क्यांचं घेतलं तरी दहा टक्क्यांच्या जवळपास काम करतं, जळजळ मात्र पुष्कळ कमी. फक्त ते कापडाचा रंग खातं. माझ्या पार्लरमधले मरून नॅपकिन बघा, मधोमध नारिंगी ढग उठलेत, ते त्याचेच. नवीन उशीचे अभ्रे आणि रुखवताचे टॉवेल त्याच्यापासून लांब ठेवा.

हट्टी मुरमांना आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. औषध गुणी आहे, पण नवरीने हे नीट ऐकावं: गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान एक महिना दिवस राहता कामा नयेत, कारण बाळात व्यंग येण्याचा धोका मोठा असतो. आपल्याकडे अक्षता पडून आठ दिवस होत नाहीत तोवर 'गोड बातमी कधी' सुरू होतं. सासूबाईंना सगळं सांगायची गरज नाही, डॉक्टरांना मात्र लग्नाची तारीख सांगायलाच हवी. आणि मलाही सांगा, कारण त्या गोळ्यांवर असताना वॅक्सच्या पट्टीबरोबर कातडी निघून येते.

आता जिच्यावर मी सगळ्यात जास्त चिडते ती वस्तू. मेडिकलमधून शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेली ट्यूब. पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. पंधरा दिवस चेहरा असा उजळतो की घरात ट्यूबची आरती करायची बाकी राहते. मग कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसतात, लव वाढते, आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटून उठतो. 2018 मध्ये सरकारने अशी क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती मिळतात. आधीच लावत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडा. नाव-गाव नसलेल्या डबीतलं गोरं करणारं क्रीम तर उकिरड्यावर टाका. त्यात पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडावर जातो.

"ताई, मग तांबडा-पांढरा रस्सा बंद करायचा का?" नाही हो. तिखटाने चेहरा लाल होईल, घाम फुटेल, पण मुरूम येतील असं नाही. साखर आणि मैदा यांच्यावर मात्र हात आखडता घ्या. काही जणांना दुधाने वाढतात, जिमच्या व्हे पावडरने तर मी पुष्कळ मुलांचे चेहरे आणि पाठी भरलेल्या पाहिल्यात. गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या माणसाला हे सांगायचं म्हणजे धाडसच आहे. महिनाभर थांबवून बघा, फरक नाही पडला तर पुन्हा प्या. आणि रात्री डोक्याला चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरतं, केसांच्या रेषेवरचे बारीक दाणे त्याचेच. तेल लावायचं तर न्हायच्या आधी तासभर.

पीलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहेत. पील म्हणजे चेहरा सोलणं नाही. आम्लाने मेलेल्या पेशींची चिकटलेली पकड सैल करायची, एवढंच. ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसातही असतं. हे सांगितलं की एखादी कोल्हापूरकरीण विचारतेच, मग रसच लावू का? नको, माश्या बसतील. बाटलीतलं आम्ल किती टक्क्यांचं, त्याचा सामू किती, चेहऱ्यावर किती मिनिटं ठेवायचं, सगळा खेळ त्याचा. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून तेलकट चेहरा आणि ब्लॅकहेड यांना ते बरं. पण अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी बोला. लॅक्टिक कोरड्या कातडीला सौम्य. मॅन्डेलिकचा रेणू मोठा, आत सावकाश शिरतो, म्हणून आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला ते मला जास्त भरवशाचं वाटतं. आपल्या कातडीची खोड अशी की भाजलं, खरचटलं, जास्त चोळलं की ती रागाने काळी पडते, आणि तो काळेपणा उतरायला महिने घेते.

म्हणून घरी दहा टक्क्यांच्या वरची बाटली ऑनलाइन मागवू नका. जास्त टक्क्यांचा पील डॉक्टरांकडेच. जायच्या आधी चार-पाच दिवस रात्रीचं अडापॅलिन थांबवायचं का ते विचारा, आठवडाभर वॅक्स, थ्रेडिंग, ब्लीच काही नको, आणि ओठाच्या कडेला तापाचा फोड येऊन गेला असेल तर सांगा. पीलनंतर तो परत उसळू शकतो. खुर्चीवर बसल्यावर आधी चेहऱ्याचं तेल पुसतात, मग ब्रशने आम्ल फिरवतात. मुंग्या आल्यासारखं होतं, ते ठीक. मिरची लागल्यासारखं झालं तर तोंडाने सांगा, सोसू नका. ग्लायकोलिक असेल तर घड्याळ बघून सोड्याच्या पाण्याने त्याचा जोर मोडतात. सॅलिसिलिक वाळलं की पांढरी भुकटी दिसते, ती भाजल्याची खूण नव्हे. साल निघते दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठवडाभर. कधी नुसती कोंड्यासारखी, कधी काहीच नाही, आणि काही निघालं नाही म्हणून पैसे वाया गेले असं समजू नका.

ती साल ओढायची नाही. हे मी दरवेळी दोनदा सांगते त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच बहिणीच्या मुलीने हट्ट धरला आणि मी लग्नाच्या दहा दिवस आधी तिला सौम्य म्हणवणारा पील करून दिला. तिने पाचव्या दिवशी टीव्ही बघता बघता ओठाच्या उजव्या बाजूचा पापुद्रा नखाने काढला. खाली गुलाबी, दोन दिवसांत तपकिरी, चवलीएवढा डाग. मेकअपने झाकला, पण अल्बममध्ये ती सगळीकडे डावा गाल पुढे करून उभी आहे. बहीण अजून विषय काढते. तेव्हापासून माझा नियम: पहिला पील लग्नाच्या तीन महिने आधी, मधे दोन ते चार आठवड्यांचं अंतर, आणि शेवटचा लग्नाच्या किमान चार आठवडे आधी. त्याच्या आत कुणी मागितला तर चहा पाजून परत पाठवते.

पील केला आणि सनस्क्रीन लावलं नाही तर न केलेलं बरं. एसपीएफ 30 किंवा वर, तर्जनी आणि मधलं बोट भरून चेहऱ्याला नि मानेला, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. पत्रिका वाटत स्कूटीवरून गावभर फिरणाऱ्या नवरीला हे पहिलं लागू. स्कार्फ बांधला म्हणजे झालं असं नाही, आणि तो रोज धुवा.

शेवटचा महिना नव्याचा नाही. नवा साबण, मैत्रिणीने दिलेलं सीरम, रीलमधला लिंबू आणि खायचा सोडा, सगळं बंद. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळी पडू शकते. फेशियल करायचं तर आधी एकदा करून पचलेलंच, आणि सहा-सात दिवस आधी. ब्लीचची चाचणी कानामागे किंवा कोपराच्या आत, 48 तास. वॅक्स तीन-चार दिवस आधी, भुवया दोन. मेकअपची ट्रायल घेतली की फ्लॅश मारून फोटो काढा. झिंकवाल्या सनस्क्रीनवर फ्लॅश पडला की चेहरा पीठ लावल्यासारखा पांढरा येतो, हे मांडवात कळून उपयोग नाही.

मेंदी साधी हिरवी. आज नारिंगी, उद्या-परवा तांबूस-तपकिरी, हाच तिचा स्वभाव. तासाभरात काळीभोर होणाऱ्या कोनात केसांच्या कलपाचं रसायन असतं, फोड येतात. हळदीला घरची दळलेली हळद आणि दूध किंवा साय पुरे, पॅकेटमधलं सुगंधी उटणं नको. करवल्यांना आधीच बजावा की चेहऱ्याला बोट लावून सोडा, घासू नका. साज, ठुशी, चिंचपेटी गुजरीतल्या सराफाकडच्या सोन्याची असेल तर प्रश्न नाही. भाड्याच्या पॉलिशवाल्या दागिन्यात निकेल असतं, त्याने गळ्याभोवती खाजरी लाल रेघ उठते. आठवडाभर आधी घरात दोन तास घालून बसा. चापाच्या नथीचंही तसंच, नाकपुडीवर वळ किती उठतो ते आधी कळलेलं बरं. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर नेमका पुटकुळीवर येतो, तिथे वर सरकवायला सांगा.

नवरदेवांनो, तुमचं थोडक्यात. दाढी तासायची तर आदल्या दिवशी, केसांच्या दिशेने, नव्या ब्लेडने. फेट्याखाली कपाळ घामाने भिजतं, आत सुती पट्टी ठेवा. जिममधून आलात की आंघोळ लगेच करा, तासाभराने नाही.

आणि एवढं सगळं करूनही तीन दिवस आधी नाकावर आलाच तर? फोडू नका. फोडलेल्या फोडावर मेकअप बसत नाही, न फोडलेल्यावर बसतो. कापडात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ धरा, रात्री फोडावर चिकटवायचा पिंपल पॅच लावा, टूथपेस्टला हात लावू नका. गाठ मोठी आणि दुखरी असेल तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात सौम्य स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, एक-दोन दिवसांत ती बसते. क्वचित तिथे खळगा पडतो, म्हणून ते दुखऱ्या मोठ्या गाठीलाच, दाण्याएवढ्या पुटकुळीला नाही.

रात्री पाठवणी, गृहप्रवेश, उखाणे उरकून दोन वाजले तरी मेकअप उतरवूनच झोपायचं. क्लिन्झर आणि कापूस सासरी नेणाऱ्या पर्समध्ये वर ठेवा, ट्रंकेत तळाशी नाही. तिथेच सनस्क्रीनची ट्यूब आणि एक जुना सुती रुमालही, कारण दुसऱ्या दिवशी जोडीने अंबाबाई आणि मग जोतिबा ठरलेलंच. डोंगरावर गुलाल उधळला जाणार. तो अंगावर पडला की ओल्या रुमालाने चोळायचा नाही, आधी कोरड्याने झटकायचा, मग पाणी.