रायटिंग सेंटरमध्ये ट्यूटर होताय? ट्रेनिंग क्रेडिटचं आहे का, ते आधी विचारा

अमेरिकेत सेमिस्टर चालू असताना स्टुडंट व्हिसावर आपल्याला आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेही बहुतेक कॅम्पसवरच. त्यामुळे रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना लिखाणात मदत करणाऱ्या कॅम्पसवरच्या केंद्रात, जागा निघाली की मुलं धावतात. मीही धावलो. दोन दिवसांचं ओरिएंटेशन झालं, त्यातला अर्धा वेळ टाइमशीटमध्ये गेला. तिसऱ्या दिवशी समोर नर्सिंगची विद्यार्थिनी, हातात पाच पानांचा पेपर.

मी पेन्सिल उचलली. अर्ध्या तासात इंग्रजीतले सगळे 'अ' आणि 'द' (a, the) जागेवर बसवले, चार वाक्यं नव्यानं लिहून दिली. ती खूश होऊन गेली. आठवड्यानं तोच पेपर घेऊन परत आली. प्राध्यापकांनी एका वाक्याखाली रेघ मारून अर्थ विचारला होता. ती मला म्हणाली, "हे वाक्य तुझं आहे, तूच सांग."

खड्डा हाच. आपण लाल पेनाखाली वाढलो, मदत म्हणजे तपासून देणं हे हाडीमाशी भिनलंय. केंद्राचं काम लिखाण दुरुस्त करणं नसून लिहिणारा घडवणं आहे, हे रायटिंग सेंटरचे अभ्यासक स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्येच मांडलंय. ओरिएंटेशनच्या स्लाइडवरही ते होतं. पण स्लाइड वाचून हात थांबत नाही.

माझा थांबला तो पुढच्या सेमिस्टरला, ट्यूटरांसाठीच्या तीन क्रेडिटच्या (म्हणजे पदवीत धरल्या जाणाऱ्या) कोर्सात. स्वतःचा कच्चा मसुदा दुसऱ्या ट्यूटरपुढे ठेवायचा, दर आठवड्याला कुणाच्या तरी सेशनला गप्प बसायचं, मग त्यावर लिहायचं. पेन्सिल लिहिणाऱ्याच्या बाजूला ठेवायची, पेपर त्यालाच मोठ्यानं वाचायला लावायचा. निम्म्या चुका तो वाचतावाचता स्वतःच पकडतो.

म्हणून माझं ठाम मत: हे ट्रेनिंग अभ्यासक्रमातच हवं, आणि प्रत्यक्ष ट्यूटरिंग चालू असतानाच. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक केनेथ ब्रफींनी सत्तरच्या दशकात ट्यूटरांना असाच कोर्स दिला होता. फक्त इंग्रजी विभागापुरता मात्र नको. मेकॅनिकलची मुलं ट्यूटर म्हणून फार नेमके प्रश्न विचारतात.

वीस मिनिटांत सेशन उरकायच्या युक्त्या शिकवणाऱ्या सीनियरपासून लांब राहा. इंग्रजी मातृभाषा नाही म्हणून मात्र अजिबात घाबरू नका. वाक्य कुठे अडतं ते आपल्याला लवकर कळतं, कारण आपणही तिथेच अडलेलो असतो.

कोर्स नसला तरी नोकरी घ्या. फक्त पहिला महिना पेन्सिल घरी ठेवून जा.