दमेकऱ्यानं कूलर कसा लावावा

होळी जवळ आली की नागपुरात जिन्याखालून, गच्चीवरून कूलर बाहेर निघतात आणि माझा फोन वाजायला लागतो. 22 वर्षं झाली, कूलर दुरुस्त करतो, ताट्या, म्हणजे बाजूच्या जाळीत भरलेली गवतासारखी घास, बदलतो. आणि मला दमा आहे. हलवायाला मधुमेह व्हावा तसं हे.

दर मार्चमध्ये छाती का भरते, ते मला कितीतरी वर्षं उमगलं नाही. आई म्हणायची, "हवा बदलून राहिली बाप्पा, होते तसं." छातीच्या डॉक्टरांनी शेवटी एक वही करायला लावली. दिवसभर कुठं गेलो, काय केलं, खोकला कधी आला, एवढंच लिहायचं. पंधरा दिवसांत वहीनं चोर पकडून दिला. ज्या दिवशी कुणाची जुनी घास काढली, त्या रात्री दोन-अडीचला मी पलंगावर उठून बसलेलो. धूळ नाकात जाते दुपारी आणि छाती आवळते काही तासांनी, म्हणून दोन्हींचा संबंध लागत नव्हता. तुम्हीही आधी वहीच करा. प्रत्येकाचा चोर वेगळा असतो.

आता कूलर. वर्षभर पडून राहिलेल्या ताटीत धूळ असते, बुरशी असते, खारट पाण्याचा पांढरा थर असतो, कधी उंदराचं घरटंही. लोक काय करतात, कूलर खोलीत आणतात, बटण दाबतात आणि वर्षाची सगळी घाण पहिल्याच झटक्यात अंगावर घेतात. तसं करू नका. कूलर अंगणात किंवा गच्चीवर न्या. ताटी काढण्याआधी पाइपनं चिंब भिजवा. ओली घास उडत नाही. मग ती तशीच पोत्यात भरा. पंख्याची पाती आणि जाळी ओल्या फडक्यानं पुसा, झाडू लावायचा नाही. टाकी घासा, नवी घास किंवा वाळा बसवा आणि पहिला अर्धा तास कूलर बाहेरच चालू द्या. हे सगळं ज्याला दमा नाही त्यानं करावं. आमच्या घरी बायको करते आणि मी, कूलरवाला, गल्लीच्या टोकावर चहा पितो. हसतात लोक, हसू द्या.

टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढा. डेंग्यूच्या डासासाठी तर काढायचंच, पण शेवाळ धरलेल्या पाण्याचा वास आला की माझा घसा आधी खवखवतो. समोरची खिडकी उघडी ठेवा. कोंडलेल्या खोलीत कूलर चालवला की गाद्या-रजया ओलसर होतात, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीतल्या किड्यांना अशी ओल फार मानवते. मे महिन्याचं ऊन फुकट आहे, गाद्या टाका त्यात. चादरी, उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा चांगल्या गरम पाण्यात धुवा.

पंपाबद्दल. आमच्या धंद्यात पंप म्हणजे टाकीतलं पाणी वर चढवतो तो, त्यामुळं डॉक्टर पहिल्यांदा "पंप घ्या" म्हणाले तेव्हा मी जरा बावचळलोच. त्यांचा पंप म्हणजे तोंडातून औषध ओढायचं इनहेलर. असे पंप दोन कामांचे असतात. सालब्युटामॉलचा पंप दम लागल्यावर श्वासाच्या नळ्या मोकळ्या करतो, पण आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो स्टेरॉइडचा, आणि तो बरं वाटत असतानाही रोज घ्यायचा. मी वर्षानुवर्षं फक्त पहिलाच ओढत बसलो. ‘गिना’ या दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही 2019 पासून सांगतात, नुसत्या सालब्युटामॉलवर भागवू नका. "स्टेरॉइडची सवय लागते" म्हणणारे शेजारी मलाही भेटले. गोळीचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो, पंपाचा मायक्रोग्रॅममध्ये, एवढं त्यांना सांगतो.

घ्यायची रीतही मी चुकवत होतो. औषध जिभेवरच बसायचं, कडू लागायचं, अन् मला वाटायचं गेलं छातीत. आधी पंप हलवा. श्वास पूर्ण सोडा. पंपाचं तोंड ओठांत घट्ट धरा. हळू श्वास ओढायला लागताच दाबा, ओढत राहा, मग दहा आकडे होईपर्यंत रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटानं. हे जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावा, लाजायचं काही नाही. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

आणि पंप गाडीच्या डिकीत ठेवू नका! बाहेर 45 अंश असताना डिकीत काय होत असेल, विचार करा. मी शर्टाच्या खिशात ठेवतो.

फुंकायचं पीक फ्लो मीटर घरी असू द्या, छातीतून हवा किती जोरात बाहेर येते ते त्यावर कळतं. माझा चांगल्या दिवसाचा आकडा 420. तो 336 च्या, म्हणजे 80 टक्क्यांच्या खाली आला की त्या दिवशी धुळीचं काम घेत नाही आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणं औषध वाढवतो. 210 च्या खाली गेला तर आराम देणारा, म्हणजे सालब्युटामॉलचा पंप घेऊन थेट दवाखाना.

दम लागलाच तर आडवं पडू नका. ताठ बसा, सालब्युटामॉलचे चार पफ स्पेसरमधून एकेक करून घ्या. उतार नसेल तर वीस मिनिटांनी पुन्हा. एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वीस मिनिटंही थांबू नका, 108 लावा. वाट पाहताना पफ चालू ठेवा.

बाकीचे चोर: कळमना बाजारातला मिरचीचा ठसका, होळीचा धूर, पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवर माजणारं गाजरगवत. काहींना अ‍ॅस्पिरिनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनीही दम लागतो, म्हणून मेडिकलवाल्याला आधी दमा आहे ते सांगा.

मृग बरसला की कूलर बंद. ताट्या फेका, टाकी कोरडी करा, मगच झाका. गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "भाऊ, चांगल्याच हायेत ना ताट्या, कायले फेकता?" मी म्हणतो, एकदा भिंतीवर आपटून पाहा, आणि गेटच्या बाहेर जाऊन उभा राहतो.