जमिनीत सापडलेलं जुनं नाणं ओळखताना या चुका टाळा

बडोद्यात जुने वाडे पाडले जातात, जवळच्या पादरा गावाकडच्या शेतांत नांगर फिरतो आणि हल्ली पोरांच्या हातात मेटल डिटेक्टरही दिसतो. काही सापडलं की मंडळी माझ्याकडे येतात. पण बहुतेक वेळा नाण्याचं वाटोळं आधीच झालेलं असतं.

पहिली चूक घासण्याची. दांडिया बाजारातल्या ओळखीच्यांचा मुलगा तांब्याचे गायकवाडी पैसे घेऊन आला. "काका, बघा, चिंचेनं कसे लख्ख केलेत!" पैसे लालबुंद झाले होते. एकावर वाकड्या तलवारीचं नुसतं टोक उरलं होतं, घोड्याच्या खुराच्या जागी खळगा, आणि अक्षर एकही नाही. तांब्यावरचा हिरवट थर ही वरून बसलेली घाण नव्हे. नाण्याचं वरचं तांबंच त्या थरात बदललेलं असतं, आणि ठशाची बारीक रेघ अनेकदा त्यातच टिकून असते. आंबटानं थर विरघळला की अक्षरही गेलं. ते परत आणता येत नाही.

मी नाणं डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवतो, मऊ झालेली माती टूथपिकनं हळूच काढतो आणि सावलीत सुकवतो. कधी आठवडा जातो, जाऊ दे. मग अंधाऱ्या खोलीत बाजूनं टॉर्च धरून बघायचं. समोरच्या उजेडात सपाट दिसणारं अक्षर तिरप्या उजेडात उठून येतं. चांदीवरच्या काळपट थरालाही हात लावू नका. एवढा धीर नसेल त्यानं डिटेक्टर विकून टाकावा.

दुसरी चूक सालाची. सयाजीरावांच्या रुपयावर १९४९ वाचून "हे तर स्वातंत्र्यानंतरचं, नकली असणार" म्हणून नाणं मोडीत घालायला निघालेले लोक मी पाहिलेत. अहो, १ मे १९४९ला बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तेव्हा गायकवाड सरकार रुपया पाडेल कसा? तो विक्रम संवत आहे. ५७ वजा करा, १८९२ येतं. आपल्याकडे गुजरातेत हा संवत कार्तिकात बदलतो, म्हणून त्यातला बराचसा भाग १८९३मध्ये जातो. त्याआधीच्या हातघडणीच्या नाण्यांवर फारसी आकड्यांत हिजरी साल असतं. १२३६ म्हणजे तेरावं शतक नव्हे, १८२०-२१. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे तिथे सरळ वजाबाकी चालत नाही, कोष्टकच बघावं लागतं.

मोगल बादशहाचं नाव वाचून नाणं मोगलांचं ठरवू नका. बडोद्याच्या टांकसाळीतून मोगल बादशहा अकबर दुसरा याच्या नावाचे रुपये निघत. बाजूचं गायकवाड राजाच्या नावाचं देवनागरी आद्याक्षर आणि तलवार शोधा. ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे एका नाण्यावर पूर्ण मजकूर मिळणं कठीण. दोन-चार नाणी शेजारी ठेवून वाचा.

चुंबकाला चिकटलं म्हणजे खोटं, हेही चूक. १९४७चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, तो चिकटणारच.

राम-सीता आणि "ईस्ट इंडिया कंपनी १८१८" असं लिहिलेलं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही. त्याचे लाखो रुपये सांगणाऱ्या मेसेजवर एक मिनिटही घालवू नका.

डिटेक्टरवरचा आकडा धातूचा अंदाज देतो, नाण्याचं नाव नाही. खोलवरचं नाणं, शेजारचा खिळा, सगळ्यानं तो बदलतो.

एकाच जागी अनेक नाणी मिळाली तर सुटी करू नका, मडक्याच्या खापऱ्याही टाकू नका. आहे तसा फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि कलेक्टरला कळवा. १८७८च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायद्यात कळवण्याची मर्यादा फक्त दहा रुपयांची आहे, त्यामुळे "थोडंच तर आहे" ही सबब चालत नाही. आणि चांपानेरच्या संरक्षित अवशेषांत डिटेक्टर घेऊन खणायला गेलात, तर नाणं ओळखायला माझ्याकडे येऊ नका.