शाळेची सूचना घराघरांत पोचत नाही? मुख्याध्यापकांनो, या चुका टाळा

वसई पट्ट्यात पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या धर्मग्रामाच्या, शाळेचा कारभार नव्याने हाती घेतलेले फादर किंवा सिस्टर पहिल्या पावसाळ्यातच एक वाक्य बोलतात: "आम्ही सूचना दिली होती की!" दिली होती हो, पण पोचली का?

सर्वांत महागात पडते ती व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय. ज्या पालकाने शाळेचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला हा मेसेज जातच नाही. एका शाळेने जुलैत पहाटे पावणेसहाला 'आज सुट्टी' असं ब्रॉडकास्टवर टाकलं. सात वाजता गेटवर छत्र्या घेतलेली पोरं हजर, त्यांत बहुतेक ज्युनियर केजी आणि पहिलीची. साहजिकच, कारण नव्या प्रवेशाच्या पालकांकडे शाळेचा नंबरच नव्हता. काही घरांत मेसेज पोचला होता, पण तो वडिलांच्या फोनवर, आणि वडील तोवर चर्चगेट लोकलमध्ये. क्लार्क आपला मोबाइल दाखवत राहिला, "हे बघा, गेलाय."

उपाय प्रवेशाच्या खिडकीवरच करायचा. पालक समोर असतानाच त्यांच्या मोबाइलमध्ये शाळेचा नंबर सेव्ह करून घ्या आणि तिथूनच शाळेला 'मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी' असा मेसेज पाठवायला लावा. आई आणि वडील, दोघांचेही नंबर घ्या. एका लिस्टमध्ये 256 जणच मावतात, म्हणून इयत्तावार लिस्ट करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात चाचणीचा मेसेज टाकून दुसऱ्या दिवशी त्याच्या 'इन्फो'त कोणाला पोचला ते बघा. उरलेल्यांना वर्गशिक्षिकेने फोन करायचा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पळवाट नाही. घाईत असलेले लोक याऐवजी जूनमध्ये ॲप विकत घेतात आणि दिवाळीपर्यंत पालकांचे पासवर्ड शोधत बसतात.

एसएमएसवर विसंबत असाल तर मजकुराचा नमुना आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी व्यवस्थेत, मंजूर करून ठेवा. पावसाच्या सकाळी नवा मजकूर लिहिलात तर तो अडकतो. देवनागरीत एका एसएमएसला 70 अक्षरंच मिळतात, त्यामुळे 'आदरणीय पालकांना कळविण्यात येते की' यातच निम्मी जागा जाते.

दुसरी लाडकी चूक म्हणजे 'रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या सामुदायिक उपासनेनंतर) सांगितलं की गावाला कळतं'. सगळे पालक त्याच पॅरिशचे होते तेव्हा कळत असेल. आता वर्गात हिंदू, मुस्लिम, नालासोपाऱ्याहून येणारी मुलं असतात, आणि कॅथलिक कुटुंबंही शनिवार संध्याकाळ, रविवार पहाट आणि उशिराची मिस्सा अशी विभागलेली. सॅक्रिस्टीत, म्हणजे फादर मिस्सेची तयारी करतात त्या खोलीत, उभ्या उभ्या फादरांच्या कानावर घातलेली सूचना एका मिस्सेत वाचली जाते, दुसरीत राहते. चार ओळी लिहून गुरुवारी पॅरिश ऑफिसात द्या, वर 'सर्व मिस्सांना वाचावी' असं लिहा. तीच चिठ्ठी सोमवारी डायरीतून घरी जाऊ द्या. मात्र डायरीत 'पॅट्रन सेंटचा फेस्त, फुल युनिफॉर्म' एवढंच लिहू नका. ज्या घरात फेस्त, म्हणजे चर्चच्या संताचा सण, माहीत नाही, तिथे प्रश्न पडतात: यायलाच हवं का, प्रार्थनेत बसायचं का, पैसे लागतील का, सुटणार किती वाजता? या चारही प्रश्नांची उत्तरं लिहा.

इंग्रजी माध्यम म्हणून परिपत्रकही फक्त इंग्रजीत काढणं हा निव्वळ आळस. मुलाला न्यायला आजी येते. तिच्यासाठी गावातल्याच एखाद्या शिक्षिकेच्या आवाजात सामवेदी किंवा वाडवळी या इथल्या बोलीत चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज करा. तो शेजारणीलाही ऐकवला जातो. त्यात वार, तारीख, वेळ आणि काय आणायचं एवढंच. प्रवचन नको.

बाकीच्या चुका थोडक्यात. पालकांचा खुला ग्रुप करू नका; सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि गुड मॉर्निंगच्या फुलांखाली परीक्षेचं वेळापत्रक गाडलं जातं. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय टाकू नका. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला पोस्टमन समजू नका. ते पालक चिठ्ठ्या काढून निवडले जातात, त्यांनी निरोप पोचवण्याचा ठेका घेतलेला नाही. रात्री अकराला 'उद्या चार्ट पेपर आणणे' पाठवू नका, तेव्हा दुकानं बंद असतात.

आणि गेटवरचा फळा पुसून टाकू नका. तो सातवी-आठवीच्या मुलांकडे सोपवा, रोज तीन ओळी, ठळक अक्षरांत. शाळा सुटायच्या वेळी मुख्याध्यापकांनी वीस मिनिटं त्याच्याशेजारी उभं राहावं. कोणती सूचना कळली नाही, ते रिक्षावाले काका आणि आज्या तिथेच सांगतात.