उभ्या पोर्शची बॅटरी उतरू नये म्हणून

पोर्श ९११ गॅरेजमध्ये नुसती उभी असली तरी अलार्म, सेंट्रल लॉकिंग आणि संगणकीय यंत्रणा थोडीथोडी वीज ओढतच राहतात. म्हणून तिला मेंटेनर, म्हणजे गरजेपुरताच प्रवाह देणारा चार्जर, जोडून ठेवावा आणि बॅटरी एजीएम (काचतंतूंच्या थरांत आम्ल शोषून ठेवणाऱ्या) प्रकारची असल्यास त्यावर तोच मोड निवडावा. दहा मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने बॅटरी पूर्ण भरते, हा गैरसमज मात्र फार रुजलेला आहे. व्होल्टेज दीर्घकाळ १२.४ च्या खाली राहिल्यास प्लेटांवर सल्फेट घट्ट होऊन क्षमता कायमची घटते. शिवाय ९११ च्या ९९७ या पिढीत बॅटरी पुढच्या डिकीत असून डिकीचे झाकण विजेवर उघडते. बॅटरी पूर्ण उतरली, तर ते उघडण्यासाठी पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधील ओढून बाहेर काढायच्या धन टर्मिनलला बाहेरून १२ व्होल्ट द्यावे लागतात.