नुसतं ‘वरचं’ म्हणू नका

अंगणवाडीत माझी १९ वर्षं झाली. नवी सेविका आली की तिला मी पहिल्यांदा हाच किस्सा सांगते. एका आईला मी बोलून गेले, “सहा महिने झाले, आता वरचं चालू करा.” पंधरा दिवसांनी घरी गेले तर चुलीशेजारी दुधाची बाटली. सासूबाई म्हणाल्या, “बाई, तुम्हीच तर सांगितलंत!” चूक माझीच. आमच्याकडे नुसतं ‘वरचं’ म्हटलं की गाई-म्हशीचं दूध, नाहीतर डब्यातली पावडर.

तेव्हापासून मी ‘वरचं खाणं’ म्हणते आणि लगेच पदार्थाचं नाव घेते: वरणभात कुस्करून, वर तूप. ‘वरणाचं पाणी’ मात्र तोंडून जाऊ देऊ नका. डाळ पातेल्याच्या तळाशी राहते आणि बाळाच्या पोटात जातं हळदीचं पाणी. चमचा तिरका करून दाखवा. ओघळून जाणार नाही इतपत घट्ट हवं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा.

रजिस्टरात या वरच्या खाण्याला ‘पूरक आहार’च लिहा. बोलताना टाळा. घरी न्यायला मिळतं ते पाकीटही ‘पूरक पोषण आहार’, त्यामुळे “आहार सुरू केला का?” विचारलं की बाई सांगते, “अजून आलाच नाही.”

महिने मोजताना ‘सहावा लागला’ आणि ‘सहा पुरे झाले’ यांत अख्खा महिना जातो. जन्मतारीख विचारून १८० दिवस स्वतः मोजा. उष्टावणाचा घोळ इथेच होतो. (पत्रिकेत ‘अन्नप्राशन’ छापतात, घरात ‘उष्टावण’च.) मुलीचं पाचव्या-सातव्यात, मुलाचं सहाव्या-आठव्यात करायची रीत. मुलीचं असेल तर सातव्यात करा म्हणावं. सातवा लागतो तेव्हा सहा पुरे झालेले असतात, कुणाचं मन मोडत नाही. मुलाचं आठव्यावर गेलं तर खाणं वेळेवर सुरू करायचं, मामाच्या मांडीवरची खीर मागाहून.

‘दूध तोडणं’ हे प्रकरणच निराळं. खाणं सुरू झालं म्हणून अंगावरचं बंद करायचं नसतं. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजता येतं. कागदावर ‘स्तनपान थांबवणे’ लिहितात, बायका ‘तोडलं’ म्हणतात, आणि पुष्कळदा तोडतातही तसंच: कडुलिंबाचा पाला वाटून लावायचा, पोर रात्रभर रडतं, आईची छाती दगड होते. मी ‘सोडवा’ म्हणते. आधी दुपारचं एक पाजणं कमी करा, काही दिवसांनी दुसरं, झोपतानाचं सगळ्यात शेवटी.

आणि गृहभेटीत “स्तनपान करता का?” असं विचारू नका. बाई पदर सावरते, “हो” म्हणते, संपलं. “अजून अंगावर पितो का गं?” म्हणा. मग रात्री किती वेळा उठतो, दात कसे लागतात, सासू काय म्हणते, सगळं निघतं.